अशोककुमारविरुद्ध मनाई हुकूम

ह्या सदराकडे वर्षभर जी पत्रे येतात त्यांची मी ढोबळमानाने तीन गाठोडी बांधतो. पहिले भाडेकरू आणि घरमालक यांचे, दुसरे सोसायटीच्या गळक्या गच्चीचे आणि तिसरे मृत्युपत्रांचे. मात्र श्रावणात आलेले एक पत्र ह्या तिन्ही गाठोड्यांत बसेना, म्हणून ते दिवाळी अंकासाठी बाजूला काढून ठेवले. पत्र डोंबिवलीच्या एका भगिनीचे आहे. त्यांचे यजमान खाजगी नोकरीतून निवृत्त झाले आहेत. मुलगा बी. कॉम. होऊन दोन वर्षे घरी आहे. ओळखीच्या एका गृहस्थाने त्याला काम सुचवले आहे. टीव्हीला जोडायचा एक लहानसा खोका इमारतीतून आणि शेजारच्या दोन-चार इमारतींतून खपवायचा, वर्षाची वर्गणी गोळा करायची आणि दर खोक्यामागे कमिशन घ्यायचे. वर्षाची वर्गणीही अशी की रीतसर कंपनीचे तेवढ्यात दोन महिने निघावेत. खोक्यात सगळे चॅनेल दिसतात, क्रिकेट आणि नवे सिनेमेसुद्धा.

बाई लिहितात, “मुलगा म्हणतो, ह्यात चोरी कुणाची? आकाशातून येते ते आपण खाली उतरवून घेतो. लोक आपापल्या घरात बसून पाहतात. सगळेच करतात, आजवर कुणाला पकडल्याचे ऐकले नाही. मला त्याचे बोलणे पटत नाही, पण खोडूनही काढता येत नाही. शिवाय घरात चार पैसे येतील. मी त्याला हो म्हणू की नको म्हणू?”

वाचकहो, हे पत्र मला फार प्रामाणिक वाटले. म्हणून नुसते ‘नको म्हणा’ असे दोन शब्दांचे उत्तर न धाडता चिरंजीवांचे मुद्दे एकेक करून तपासावेत असे ठरवले. आई मुलाला नको म्हणते तेव्हा तिच्या हाती कारणही असावे लागते.

पहिला मुद्दा आकाशाचा. दूरचित्रवाणीचे उपग्रह विषुववृत्ताच्या वर सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर असतात. ते पृथ्वीबरोबरच फिरत असल्याने आपल्याला एका जागी स्थिर दिसतात, आणि म्हणून गच्चीवरची छत्री एकदा रोखली की पुन्हा हलवावी लागत नाही. उपग्रहाचा सिग्नल पावसासारखा सगळ्यांच्या गच्चीवर पडतो. ज्याने पैसे भरले त्याच्या, ज्याने भरले नाहीत त्याच्या, आणि ज्याच्या घरी टीव्हीच नाही त्याच्याही. इथवर मुलाचे म्हणणे खरे आहे.

पण पैसे घेऊन दाखवायचे चॅनेल उघडे येत नाहीत, ते कुलूप घालून येतात. चित्र आणि आवाज गणिती रीतीने विस्कटून पाठवतात, आणि ते पुन्हा जुळवायची किल्ली वर्गणीदाराच्या डब्यातल्या कार्डाकडून मिळते. ही किल्लीसुद्धा दर काही सेकंदांनी बदलत असते. म्हणजे कंपनी विकते ती किल्ली. चोरटा धंदा करणाऱ्याने पूर्वी कार्डाची नक्कल केली. पुढे एकाच खऱ्या कार्डाच्या किल्ल्या तारेवरून अनेकांना वाटल्या. आता तर त्याला छत्रीचीही गरज राहिलेली नाही. कुठेतरी एक रीतसर जोडणी घ्यायची, तिथे कुलूप उघडलेले चित्र उतरवायचे आणि इंटरनेटवरून शेकडो घरांत सोडायचे, हा त्या खोक्याचा सगळा कारभार आहे. पाऊस सर्वांचा असतो हे कबूल, पण शेजाऱ्याच्या कुलूपबंद टाकीतले पाणी पावसाचे होते म्हणून कुणी टाकीचे कुलूप तोडत नाही.

दुसरा मुद्दा घराचा. “लोक आपापल्या घरात पाहतात, मग हे जाहीर प्रदर्शन कसे?” चिरंजीवांना वाटत असेल की हा युक्तिवाद आपल्याला प्रथमच सुचला. तो मुंबई उच्च न्यायालयात १९८९ साली होऊन गेला आहे. त्या वेळी आपल्याकडे उपग्रहाचे खाजगी चॅनेल नव्हते. इमारतीच्या एखाद्या खोलीत केबलवाला व्हिडिओ लावून बसे, त्यात सिनेमाची कॅसेट घाली आणि तारेवरून घरोघर चित्रपट पोहोचवी. तुमच्यापैकी पुष्कळांनी अशा तारेवरचे चित्रपट पाहिले असतील. चित्रपटांचे व्हिडिओ हक्क ज्यांच्याकडे होते त्या गरवारे प्लॅस्टिक्स अँड पॉलिएस्टर कंपनीने टेलिलिंक ह्या केबल चालवणाऱ्यांवर दावा लावला. प्रश्न हाच होता, की प्रत्येक कुटुंब आपल्या दिवाणखान्यात बसले असताना चित्रपट जनतेला दाखवला असे म्हणता येईल काय?

न्यायालयाने म्हणता येईल असे उत्तर दिले. पाहणारा कुठे बसला आहे एवढेच पाहून भागत नाही, दाखवणारा आणि पाहणारा यांचे नाते काय हे पाहावे लागते. पाहुण्यांना घरी बोलावून सिनेमा दाखवणारा यजमान निराळा आणि पैसे देईल त्याच्या घरी तार नेणारा धंदेवाईक निराळा. त्याचे गिऱ्हाईक घरात बसले तरी त्याच्या दृष्टीने ती जनताच. हा निकाल खोक्यापेक्षा जुना आहे, पण खोक्याला तो अंगचा बेतल्यासारखा बसतो.

तिसरा मुद्दा, आजवर कुणाला पकडले नाही. आता अशोककुमारांची गोष्ट सांगायला हवी.

१९९१ च्या जानेवारीत आखाती युद्ध सुरू झाले तेव्हा काही थोड्या लोकांनी ते परदेशी वाहिनीवर पाहिले. त्याच वर्षी हाँगकाँगहून स्टार टीव्ही आला, १९९२ च्या ऑक्टोबरात झी आला, आणि पाहता पाहता शहरांतल्या गच्च्यांवरून तारांची जाळी पसरली. कायदा मागाहून, १९९५ साली आला आणि केबल चालवणाऱ्याला नोंदणी सक्तीची झाली. तोवर हा धंदा मुलखाच्या ओळखीवर चालला होता. घरे किती जोडली आहेत हे केबलवाल्यालाच ठाऊक. चॅनेलवाल्याला तो त्यातली थोडीच सांगे आणि तेवढ्यांचे पैसे भरी. काहीजण तर तेवढेही भरीत नसत.

२००२ च्या जूनमध्ये कोरिया आणि जपान येथे फुटबॉलची विश्वचषक स्पर्धा चालू होती. भारतात ती दाखवण्याचे हक्क टेन स्पोर्ट्स ह्या नव्या वाहिनीकडे होते. जागोजागी केबलवाले परवाना न घेताच सामने दाखवू लागले. वाहिनीची मालक ताज टेलिव्हिजन कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली. तिथे अडचण अशी, की दावा लावायचा कुणावर? काही नावे माहीत होती, पण बाकीचे शेकडो कोण, कुठल्या गल्लीतले? दाव्याला प्रतिवादी हवा, प्रतिवादीला नाव आणि पत्ता हवा. तो शोधत बसावे तर स्पर्धा संपून जाणार. सामन्याची किंमत तो चालू असेतोवर, संपल्यावर शिळ्या वर्तमानपत्राइतकी. हुकूम निघाला १४ जूनला आणि अंतिम सामना होता ३० जूनला. म्हणजे हाती सोळा दिवस होते.

न्यायालयाने तोड काढली ती इंग्रजी कायद्यातल्या एका जुन्या युक्तीवरून. तिकडे जमिनीच्या दाव्यांत ‘जॉन डो’ नावाचा एक माणूस वापरीत. तो अस्तित्वात नसे, केवळ नाव असे. पुढे ज्याचे नाव ठाऊक नाही अशा प्रतिवादीलाही तेच नाव पडले. दिल्लीच्या हुकुमाने नाव माहीत असलेल्यांबरोबर नाव माहीत नसलेल्यांनाही मनाई केली. कोर्ट कमिशनर नेमले आणि परवान्याशिवाय सामने दाखवणाऱ्या केबलवाल्याच्या जागेत शिरून पुरावा गोळा करण्याचा अधिकार त्यांना दिला. आपल्याकडचा अशा तऱ्हेचा हा पहिला हुकूम मानतात. पुढे अशा हुकुमांना देशी नाव मिळाले, ‘अशोककुमार हुकूम’.

नाव वाचून वडीलधाऱ्या वाचकांना दादामुनींची आठवण होईल. हुकमाचा आणि त्यांचा संबंध काही नाही. पण १९४३ च्या ‘किस्मत’मध्ये त्यांनी चोराचीच भूमिका केली होती आणि ती लोकांनी डोक्यावर घेतली होती, हे आठवून मला प्रत्येक वेळी गंमत वाटते. आपल्याला चोर आवडतो, तो दिसायला चांगला आणि बोलायला गोड असला म्हणजे. खोके विकायला सांगणारे ते गृहस्थही बहुधा गोड बोलत असतील.

तेव्हा ‘कुणाला पकडले नाही’ ह्याचा अर्थ ‘कुणाला पकडता येत नाही’ असा नव्हे. नाव माहीत नाही एवढ्याने सुटका होत नाही ही गोष्ट २००२ पासून ठरून गेली आहे. इंटरनेटवरच्या चोरट्या स्थळांनी नावे बदलून पुन्हा उगवण्याची युक्ती काढली, तेव्हा दिल्ली उच्च न्यायालयाने २०१९ साली तीही ओळखली. नवे नाव घेऊन तेच स्थळ पुन्हा आले की नवा दावा न लावता त्याच हुकमाखाली ते बंद करता यावे, अशी सोय त्या निकालाने झाली.

इथवर सगळे विकणाऱ्याविषयी झाले. खोका विकत घेणाऱ्या घरांचे काय? ह्या बाबतीत अमेरिकेत काय घडले ते समजून घेण्याजोगे आहे, कारण तिकडे कंपनीने थेट घराच्याच दारावर थाप मारली.

डायरेक्टीव्ही ही तिकडची उपग्रह दूरचित्रवाणीची मोठी कंपनी. तिच्या कार्डांत फेरफार करून फुकट पाहणारे लोक पुष्कळ झाले. २१ जानेवारी २००१ च्या रविवारी, म्हणजे त्यांच्या फुटबॉलच्या सर्वांत मोठ्या सामन्याच्या बरोबर एक आठवडा आधी, कंपनीने उपग्रहावरून असा संदेश सोडला की चोरटी कार्डे एका फटक्यात निकामी झाली. कार्डाच्या आत ‘गेम ओव्हर’ अशी अक्षरेही उमटवून ठेवली होती. एवढ्यावर थांबती तर कंपनीची लोकांनी वाहवाच केली असती. पण त्याच वर्षी कार्डांची यंत्रे विकणाऱ्यांवर छापे पडले आणि त्यात गिऱ्हाइकांच्या याद्या हाती आल्या. त्या याद्यांवरून कंपनीने दीड लाखांहून अधिक लोकांना पत्रे धाडली. ‘तुम्ही चोरीचे यंत्र घेतले आहे, सुमारे ३,५०० डॉलर भरा, नाहीतर दावा लावतो.’ सुमारे २४,००० लोकांवर खरोखरच दावे लागले.

आता त्या याद्यांत सगळेच चोर होते काय? कार्ड वाचणारी आणि लिहिणारी यंत्रे संगणकाची सुरक्षितता राखणारे, शिकणारे, प्रयोग करणारे असे लोकही घेत. त्यांनाही पत्रे गेली. वकील करावा तर फी मागितलेल्या रकमेहून जास्त, म्हणून निरपराध माणसांनीही मुकाट्याने पैसे भरल्याच्या तक्रारी झाल्या. अखेर नागरिकांच्या हक्कांसाठी झगडणारी एक संस्था मधे पडली. २००४ साली कंपनीने, नुसते यंत्र बाळगले म्हणून यापुढे कुणाच्या मागे लागणार नाही, असे कबूल केले. त्याच वर्षी तिथल्या एका केंद्रीय अपील न्यायालयानेही ठरवले, की नुसते यंत्र जवळ असणे एवढ्यावर कंपनीला नुकसानभरपाईचा दावा आणता येत नाही.

ह्या गोष्टीतून मी दोन बोध घेतो. एक, घरोघर दावे लावणे हा चोरी थांबवण्याचा चांगला मार्ग नव्हे, त्यात सुक्याबरोबर ओले जळते. आपल्या कायद्याचा रोखही मुख्यतः दाखवणाऱ्यावर आहे. कॉपीराइट कायद्याचे ३७ वे कलम परवान्यावाचून पुनःप्रक्षेपण करणाऱ्यावर आणि पैसे घेऊन लोकांना दाखवणाऱ्यावर बोट ठेवते. (सोसायटीच्या हॉलमध्ये तिकीट लावून सामना दाखवणाऱ्या उत्साही मंडळींनी हे वाक्य दोनदा वाचावे.) दुसरा बोध मुलासाठी महत्त्वाचा आहे. अमेरिकेत घरे सापडली ती विकणाऱ्याच्या यादीवरून. आज मुलगा जी वर्गणी गोळा करणार ती फोनवरून येणार. म्हणजे प्रत्येक गिऱ्हाइकाची नोंद त्याच्या बँकेत, त्याच्याच नावावर. वरचे गृहस्थ मात्र कुठल्याही कागदावर नाहीत. उद्या तपास झाला तर पहिले लेखी नाव सापडेल ते ह्या मुलाचे. ज्याचा नफा सर्वांत कमी त्याचा पत्ता सर्वांत स्पष्ट, अशी ही वाटणी आहे.

शिक्षा काय, हेही सांगून ठेवतो. कलम ६३ प्रमाणे असा हक्कभंग जाणूनबुजून करणाऱ्याला, तसेच त्याला साहाय्य करणाऱ्यालाही, सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि ५०,००० ते दोन लाख रुपये दंड होऊ शकतो. हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र असल्याचा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २०२२ च्या मे महिन्यात दिला. म्हणजे वॉरंटावाचून अटक होऊ शकते आणि जामीन हक्क म्हणून मागता येत नाही. शिवाय २०१२ च्या दुरुस्तीने कलम ६५अ आले. हक्कभंग करण्याच्या हेतूने असे तांत्रिक कुलूप फोडणाऱ्याला त्याखाली दोन वर्षांपर्यंत कैद आहे. ‘मी फक्त कमिशनवर होतो’ हा बचाव ‘साहाय्य’ ह्या शब्दापुढे टिकत नाही.

कंपन्यांची बाजू घेऊन मी बोलतो आहे असा ग्रह मात्र कुणी करून घेऊ नये. बलाढ्य कंपन्यांचे म्हणणे दर वेळी खरे ठरते असे नाही. इंग्लंडात पोर्ट्समथमधल्या साउथसी येथे कॅरेन मर्फी नावाच्या बाई दारूचा गुत्ता चालवीत. इंग्रजी फुटबॉल दाखवण्याचा तिथला दर त्यांना परवडेना, म्हणून त्यांनी पैसे भरून ग्रीक वाहिनीचे कार्ड आणले आणि सामने दाखवले. दंड आणि खर्च मिळून त्यांच्यावर सुमारे ८,००० पौंडांचा बोजा पडला. बाई हटल्या नाहीत. प्रकरण थेट युरोपीय न्यायालयात गेले. ४ ऑक्टोबर २०११ रोजी त्या न्यायालयाने सांगितले, की युरोपीय संघातल्या एका देशाचे कार्ड दुसऱ्या देशात वापरू न देणे हे सेवांच्या मुक्त व्यापाराविरुद्ध आहे. सामना ही काही कुणाची साहित्यकृती नव्हे, मात्र प्रक्षेपणातले संगीत आणि चित्राकृती ह्यांच्यावर हक्क असू शकतो, असेही म्हटले. २०१२ साली त्यांची शिक्षा रद्द झाली.

मर्फीबाईंची गोष्ट वाचून चिरंजीव म्हणतील, “बघा!” म्हणून फरक सांगून ठेवतो. बाईंनी कार्डाचे पैसे त्याच्या खऱ्या मालकाला भरले होते, फक्त दुसऱ्या देशात. त्यांनी कुलूप फोडले नव्हते. आणि जे केले ते लपवले नाही, न्यायालयात उभे राहून आपले म्हणणे मांडले. खोक्याच्या धंद्यात ह्यातले एकही घडत नाही.

दराची तक्रार मात्र खरी आहे. दोन चॅनेल हवे असताना साठ गळ्यात बांधतात, हा अनुभव घराघराचा आहे. त्यावर रीतसर उपाय थोडेबहुत आहेत आणि ते वापरावेत. २०१९ च्या फेब्रुवारीपासून लागू झालेल्या नियमांनी हवे ते चॅनेल सुटे निवडण्याचा हक्क ग्राहकाला दिला. केबलवाला सहजी सांगत नाही, मागून घ्यावा लागतो. २००४ च्या डिसेंबरात सुरू झालेली दूरदर्शनची मोफत छत्रीसेवा आहे. डबा आणि छत्री एकदा विकत घेतली की महिन्याचे बिल नाही. राष्ट्रीय महत्त्वाच्या म्हणून ठरवलेल्या सामन्यांचा सिग्नल खाजगी वाहिन्यांनी दूरदर्शनला द्यावा असा कायदा २००७ साली झाला, त्यामुळे त्यातले काही सामने तिथे दिसतात. सगळे दिसत नाहीत हे खरे. पण आमच्या लहानपणी शेजारच्या रेडिओवर कान लावून सामने ऐकले आणि तरी कुणाचे काही अडले नाही.

आता त्या भगिनींना उत्तर. बाई, घरच्यापुरता खोका घेऊ नका, कारण ज्या दिवशी वरचा नळ बंद होईल त्या दिवशी भरलेले पैसे मागायला तुम्हाला कुठलीही कचेरी नाही, ग्राहक न्यायालयही नाही. आणि मुलाला स्पष्ट नको म्हणा. केवळ कायद्याच्या भीतीने नव्हे. त्याला आज कामाची गरज आहे, आणि ही गरज हेरूनच त्या गृहस्थांनी त्याला गाठले आहे. इमारतीतल्या लोकांचा तुमच्या घरावर जो विश्वास आहे तो त्यांना फुकटात भांडवल म्हणून हवा आहे. ते भांडवल तुमच्या यजमानांनी तीस-पस्तीस वर्षांत जमवलेले आहे, ते असे देऊन टाकू नये.

नको म्हटल्यावर मात्र तिथेच थांबू नका. खोका जोडता येणाऱ्या मुलाला तारा, जोडण्या आणि यंत्रे ह्यांतले काहीतरी कळते, घरोघर जाऊन बोलायलाही जमते. हेच काम नोंदणी असलेल्या केबलवाल्याकडे किंवा इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीकडे पगारावर करता येते. पहिला पगार थोडा असेल, पण पावती त्याच्या नावाने फाडता येईल आणि दारावर कुणी आले तर त्याला आत लपावे लागणार नाही. त्याने अर्ज केला की नाही हे मला अवश्य कळवावे. पत्राचे उत्तर यायला सदराची पाळी लागणार नाही, मी परभारे लिहीन.

सर्व वाचकांना ही दिवाळी सुखासमाधानाची जावो.